जीटीएफ ट्रेस लावताना: पर्याय, फिल्टर आणि बंद करण्याचा क्रम

ट्रेस (सिस्टममधल्या घटनांची नोंद) तासभर चालतो, डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) भरतो, आयपीसीएसमध्ये (ट्रेस वाचण्याचं साधन) उघडतो, आणि नेमकी हवी ती नोंदच त्यात नसते. किंवा उलट होतं: हवं ते असतं, पण लाखो नोंदींच्या खाली गाडलेलं. झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम) जीटीएफ, म्हणजे घटना नोंदवणारी जनरलाइज्ड ट्रेस फॅसिलिटी, वापरणाऱ्या बहुतेक टीम या दोनपैकी एका खड्ड्यात पडतात, आणि दोन्हींचं मूळ एकच असतं. चुकीचा फिल्टर जीटीएफला चुकीचा वाटतच नाही. तो एरर देत नाही. तो गुपचूप सगळं आत घेतो, नाहीतर गुपचूप हवं तेच बाहेर टाकतो.

म्हणून खालचा क्रम एका खऱ्याखुऱ्या धाटणीच्या कामावर बेतला आहे: रात्रीचा पगाराचा बॅच जॉब डीबी२ या डेटाबेसमध्ये लॉकसाठी अडकतो आणि एसक्यूएलकोड -९११ (लॉक न मिळाल्याचा डीबी२चा एरर) घेऊन पडतो. डिस्कच्या तक्रारीसाठी काय बदलायचं ते मध्येच थोडक्यात येईल. आज्ञा, मेसेज आणि नावं इथे देवनागरीत आहेत. कन्सोलवर ती नेहमीप्रमाणे रोमन मोठ्या अक्षरांत टाकायची.

## १. कन्सोलला हात लावण्याआधी

प्रश्न एका ओळीत लिहा. "जॉब मंद आहे" हा ट्रेसचा प्रश्न नव्हे. "अमुक प्लॅन कोणत्या टेबलस्पेसवरच्या लॉकसाठी किती वेळ थांबतो" हा प्रश्न आहे (प्लॅन म्हणजे डीबी२त चालण्यासाठी बांधलेला प्रोग्रॅम, टेबलस्पेस म्हणजे टेबलं ठेवायची जागा), कारण त्यातून कोणती घटना पकडायची ते ठरतं. ओळ लिहिता येत नसेल तर ट्रेस लावू नका. आधी जॉब लॉग आणि सिसलॉग (सिस्टमच्या मेसेजचा लॉग) वाचा.

जीटीएफ लागतोच का ते बघा. -९११ सोबत रीझन कोड येतो. ००सी९००८ई असेल तर टाइमआउट, ००सी९००८८ असेल तर डेडलॉक. डेडलॉकची (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी अडकणं) नोंद आयएफसीआयडी (डीबी२च्या नोंदीच्या प्रकाराचा क्रमांक) १७२ आणि टाइमआउटची १९६ ही दोन्ही डीबी२च्या स्टॅटिस्टिक्स क्लास ३ मध्ये येतात, आणि हा क्लास बऱ्याच ठिकाणी कायम चालू असतो. आधी एवढं टाका:

-डिस्प्ले ट्रेस(*)

क्लास ३ एसएमएफकडे (सिस्टमच्या नोंदी साठवणारी यंत्रणा) जात असेल, तर लॉक कोणी धरून ठेवला आणि कोण थांबलं हे दोन्ही १९६ च्या नोंदीत आधीच पडलेलं आहे. पुष्कळदा काम इथेच संपतं. जीटीएफ लावायचा तो त्यापुढच्या प्रश्नासाठी: अपयश येण्याआधीचे छोटे छोटे थांबे, म्हणजे आयएफसीआयडी ४४ (लॉकसाठी थांबला) आणि ४५ (पुन्हा सुरू झाला).

घड्याळं जुळवा. पुण्यात बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सिस्टम सांभाळणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. १० जानेवारीला तिथे रात्रीचे २२:०० वाजतात तेव्हा जीएमटी ११ जानेवारीचे ०३:०० असतात आणि आपल्याकडे ११ जानेवारीची सकाळ, ८:३०. तिथे उन्हाळी वेळ लागू झाली की तोच जॉब आपल्याकडे ७:३० ला सुरू होतो. चेंज तिकिटावर तिन्ही वेळा तारखेसकट लिहा. वर्षातला दिवसाचा क्रमांकही लिहा (इथे ०१० आणि ०११), तो आयपीसीएसमध्ये लागणार आहे.

परवानगी. ट्रेसमध्ये ग्राहकांची खरी माहिती येऊ शकते. चॅनल प्रोग्रॅमचा (डिस्कसारख्या उपकरणाला दिलेल्या आज्ञांची साखळी) ट्रेस डेटाचे बाइट उचलतो, डीबी२च्या काही नोंदींत एसक्यूएलचा मजकूर असतो. डेटासेट कोण वाचू शकेल, किती दिवस राहील आणि कुठे पाठवला जाईल याची मंजुरी लेखी घ्या. ट्रेस संपल्यावर मंजुरी मागायला गेलात तर फाइल हातात असूनही उघडता येणार नाही.

> तपासा: डी ए,एल टाकून जीटीएफ आधीच चालू आहे का ते बघा. असेल तर तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. त्यांच्याशी बोलल्याशिवाय तो बंद करू नका.

## २. डेटासेट आणि प्रोसीजर

आयबीएमने दिलेल्या जीटीएफ प्रोसीजरमध्ये (सुरू करण्याच्या तयार ओळींचा संच) एएचएलजीटीएफ हा प्रोग्रॅम चालतो, ट्रेस आयईएफआरडीईआर या डीडीवर (प्रोग्रॅमला डेटासेट जोडणारी ओळ) लिहिला जातो आणि पर्याय सिसलिब या डीडीवरून वाचले जातात. नमुन्यात ट्रेस डेटासेटसाठी २० ट्रॅक असतात. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावतात, म्हणजे २० ट्रॅकमध्ये जेमतेम ११ लाख बाइट. गजबजलेल्या सिस्टमवर रुंद ट्रेस लावला तर एवढी जागा बघता बघता भरते.

आणि भरल्यावर जीटीएफ थांबत नाही. प्राथमिक जागा संपली की तो पुन्हा सुरुवातीपासून जुन्या नोंदींवर लिहू लागतो. अपयश २२:०५ ला आलं आणि ट्रेस २३:०० ला थांबवला, तर हाती शेवटची काही मिनिटंच उरतात. "ट्रेसमध्ये काहीच सापडलं नाही" या तक्रारींमागे फार वेळा हेच असतं.

- प्राथमिक जागाच पुरेशी मोठी द्या, सेकंडरीवर भिस्त ठेवू नका. ५०० सिलिंडर म्हणजे ७,५०० ट्रॅक, सुमारे ४२.५ कोटी बाइट. नीट गाळलेल्या डीबी२ ट्रेससाठी सहसा हे भरपूर होतं.
- नमुना प्रोसीजरमध्ये डेटासेट नव्याने बनवण्याची सूचना असते. त्याच नावाने दुसऱ्यांदा सुरू केलंत की डेटासेट आधीच आहे म्हणून अडतं. घाईत कोणीतरी ती सूचना बदलून जुनाच डेटासेट वापरायला लावतो आणि कालचा ट्रेस पुसला जातो. नावात तारीख घाला, दोन्ही कटकटी मिटतात.
- फार मोठा ट्रेस हवा असेल तर जीटीएफला १६ पर्यंत डेटासेट देता येतात. ते वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवा.
- मोड=ईएक्सटी म्हणजे डेटासेटवर लिहा. मोड=आयएनटी असेल तर नोंदी जीटीएफच्या स्वतःच्या मेमरीतच राहतात आणि डंप घेतल्याशिवाय हाती लागत नाहीत. मोड=डेफर थांबवतानाच लिहितो.

> इशारा: स्टार्ट आज्ञेच्या कंसात पॅरामीटर दिलेत की प्रोसीजरमधली पार्म (तिथे लिहिलेले पॅरामीटर) पूर्ण बाजूला पडते, तिच्यात भर पडत नाही. कंसात देणार असाल तर लागणारे सगळे पॅरामीटर तिथेच द्या.

## ३. स्वतःचा मेंबर बनवा

सिस१.पार्मलिबमध्ये (सिस्टमच्या सेटिंगची लायब्ररी) जीटीएफपार्म नावाचा तयार मेंबर (लायब्ररीतली एक फाइल) असतो. त्यातली ओळ अशी:

ट्रेस=सिसएम,यूएसआर,टीआरसी,डीएसपी,पीसीआय,एसआरएम

म्हणजे सगळ्या आय/ओ, सगळे एसव्हीसी (सिस्टमकडे केलेल्या विनंत्या), सगळ्या वापरकर्ता नोंदी, डिस्पॅचर (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा), एसआरएम (सिस्टमची साधनं वाटणारा), असं सारं काही. नुसतं "एस जीटीएफ" टाकलं की हे चालू होतं. प्रॉडक्शनवर ते कधीही टाकू नये, आणि तयार मेंबर बदलूही नये. दुसऱ्याच्या रात्रपाळीत तुमचे बदललेले पर्याय अनपेक्षितपणे चालू होणं कोणालाच परवडणारं नाही. वेगळ्या नावाचा मेंबर करा. इथे त्याला जीटीएफडीबी म्हणू.

मेंबरची रचना ठरलेली आहे. पहिल्या ओळीत ट्रेस= आणि सगळे पर्याय. पुढच्या ओळींत त्या पर्यायांच्या किमती. शेवटी एंड. पहिल्या ओळीतले पर्याय दुसऱ्या ओळीवर ओढून नेऊ नका.

## ४. फिल्टर: सगळ्यात जास्त चुका इथे

जीटीएफच्या बऱ्याच पर्यायांची दोन रूपं असतात. यूएसआर म्हणजे सगळ्या वापरकर्ता नोंदी. यूएसआरपी म्हणजे "मी सांगतो त्याच". तसंच आयओ आणि आयओपी (आय/ओ इंटरप्ट), एसएससीएच आणि एसएससीएचपी (आय/ओ सुरू करण्याची सूचना), एसव्हीसी आणि एसव्हीसीपी. शेवटचा पी आला की जीटीएफ किमती विचारतो.

चूक पहिली: पी लिहिला, किंमत दिली नाही. पहिल्या ओळीत आयओपी आहे, पण पुढे आयओ= ची ओळच नाही. जीटीएफ तक्रार करत नाही, सगळ्या उपकरणांचे आय/ओ इंटरप्ट नोंदवत राहतो. फिल्टर लावल्याचं समाधान असतं आणि दार सताड उघडं. मेंबर लिहिल्यावर एकच तपासणी करा: पहिल्या ओळीतल्या प्रत्येक पी-वाल्या पर्यायासाठी खाली एक किंमत आहे का, ते बोट ठेवून मोजा.

चूक दुसरी: नको असलेला भाऊबंद सोबत. यूएसआर=(एफबी९) असं नेमकं लिहायचं आणि त्याच पहिल्या ओळीत जुन्या मेंबरमधून कॉपी केलेला सिसएम राहू द्यायचा. मग डीबी२च्या नोंदी गाळल्या जातात, पण बाकी सिस्टम पूर्ण रुंदीने ओतत राहते.

चूक तिसरी: जॉब आणि एएसआयडी (जॉबच्या अ‍ॅड्रेस स्पेसचा क्रमांक) दोन्ही. जॉबनेमपी आणि एएसआयडीपी एकत्र दिले की "या जॉबचा, आणि याच एएसआयडीतला" असा अर्थ होईल असं वाटतं. तसं होत नाही. दोन्हीपैकी कशातही बसणारी नोंद आत येते, म्हणजे ट्रेस अरुंद होण्याऐवजी रुंद होतो. एकच वापरा. प्रत्येकात पाचपर्यंतच किमती देता येतात. जॉब पुन्हा सुरू झाला की एएसआयडी बदलू शकतो, म्हणून मला जॉबचं नाव बरं वाटतं.

चूक चौथी, आणि ही सगळ्यात महाग: डीबी२साठी जॉबचा फिल्टर. पगाराचा जॉब पडतोय, म्हणून जॉबनेम=(पगारचा जॉब) देणं अगदी साहजिक वाटतं. पण डीबी२चं बरंचसं काम जॉबच्या वतीने डीबी२चा सिस्टम एजंट करतो, आणि त्या कामाची नोंद सिस्टम एजंटच्या खात्यावर पडते. जॉबनेमपी लावलेला असेल तर जीटीएफ ती टाकून देतो, काम तुमच्याच जॉबसाठी झालेलं असलं तरी. जॉब डीबी२ला जोडला जातो त्या आयडेंटिफाय विनंतीची नोंद हे याचं ठळक उदाहरण: जॉबच्या नावाने गाळलेल्या ट्रेसमध्ये ती दिसतच नाही. जॉब आणि डीबी२ यांच्यामधला अर्धा संवाद गायब असलेला ट्रेस घेऊन लोक दिवसच्या दिवस घालवतात.

म्हणून डीबी२च्या ट्रेसमध्ये जीटीएफकडे एकच काम द्या: नोंदीचा प्रकार ओळखणं. कोणता प्लॅन, कोणता आयएफसीआयडी, ही चाळणी डीबी२कडे ठेवा. नोंद तयार होतानाच गाळली गेली तर तिचा भारही पडत नाही. मेंबर एवढाच:

ट्रेस=यूएसआरपी
यूएसआर=(एफबी९)
एंड

एफबी९ हा डीबी२च्या नोंदींचा ओळख क्रमांक, सोळापायाचे तीन अंक. सीआयसीएससाठी (व्यवहार हाताळणारी प्रणाली) तो एफ६सी. एमक्यूसाठी (संदेश पोहोचवणारी प्रणाली) ५ई९, ५ईए आणि ५ईई असे तीन आहेत. एक विसरलात की ट्रेस लंगडा.

डिस्कच्या तक्रारीसाठी मेंबर वेगळा होतो:

ट्रेस=आयओपी,एसएससीएचपी,सीसीडब्ल्यूपी
आयओ=एसएससीएच=(उपकरण क्रमांक),सीसीडब्ल्यू=(एसआय)
एंड

इथे उपकरण क्रमांक नेमका द्या. सीसीडब्ल्यू (चॅनल प्रोग्रॅममधली एक आज्ञा) एकटा चालत नाही, त्याला आयओ किंवा एसएससीएचची जोड लागते. एस म्हणजे आय/ओ सुरू होताना, आय म्हणजे इंटरप्टच्या वेळी, एसआय म्हणजे दोन्ही. डेटा= या उपपर्यायाने प्रत्येक सीसीडब्ल्यूमागे किती बाइट घ्यायचे ते ठरतं; खाजगी माहितीच्या दृष्टीने ते कमीत कमी ठेवा. सगळ्या उपकरणांवर सीसीडब्ल्यू लावणं म्हणजे चालू सिस्टमवर जड ओझं टाकणं. तो मोह आवराच.

## ५. सुरू करणे

एस जीटीएफ.डीबी,,,(मोड=ईएक्सटी,टाइम=येस),मेंबर=जीटीएफडीबी

टिंबानंतरचं "डीबी" ही ओळख. ती द्याच, बंद करताना तीच लागते. आता मेसेज या क्रमाने येतात:

1. एएचएल१२१आय सांगतो की पर्याय कोणत्या मेंबरमधून घेतले. मेंबरचं नाव वाचा. जीटीएफपार्म दिसलं तर तुमची आज्ञा चुकली आहे.
2. एएचएल१०३आय निवडलेले पर्याय छापतो. इथे थांबा. लिहिलेल्या मेंबरशी शब्दशः ताडून बघा. यूएसआर=(एफबी९) याशिवाय काहीही दिसता कामा नये.
3. एएचएल१२५ए विचारतो: पर्याय पुन्हा द्यायचे की यू. जुळत असेल तर "आर nn,यू" असं उत्तर द्या. Nn च्या जागी मेसेजचा क्रमांक. जुळत नसेल तर सगळेच पर्याय नव्याने द्यावे लागतात, फक्त चुकलेला नव्हे. अशा वेळी रद्द करून मेंबर दुरुस्त केलेला बरा.
4. एएचएल०३१आय आला म्हणजे जीटीएफ तयार.

> इशारा: नोप्रॉम्प्ट दिलं की एएचएल१२५ए येत नाही आणि शेवटची संधी जाते. ऑटोमेशनने एएचएल१२५एला आपोआप यू उत्तर देण्याची सोय केली असेल तरी तेच. पहिल्यांदा लावताना हे दोन्ही टाळा.

## ६. मग डीबी२चा ट्रेस

जीटीएफ आधी, डीबी२ नंतर. उलट केलंत तर डीबी२ डीएसएनडब्ल्यू१३३आय देतो: ट्रेसची माहिती गमावली, जीटीएफ हाती लागत नाही.

-स्टार्ट ट्रेस(पर्फएम) क्लास(३०) आयएफसीआयडी(४४,४५) डेस्ट(जीटीएफ) प्लॅन(प्लॅनचं नाव)

क्लास ३०, ३१ आणि ३२ हे आपण निवडलेल्या आयएफसीआयडींसाठी मोकळे असतात. क्लास १ वगैरे देऊन वर आयएफसीआयडीची यादी जोडलीत तर त्या क्लासचे सगळे आयएफसीआयडी चालू होतात, आणि तुमचे वर. काम नेटवर्कवरून येत असेल तर प्लॅनचं नाव सहसा डिस्टसर्व्ह असतं. ते दिलंत तर बाहेरून येणारं सगळंच आत येईल. तिथे ऑथआयडीने (वापरकर्त्याची ओळख) गाळा.

उत्तरात डीएसएनडब्ल्यू१३०आय येतो, त्यात ट्रेसचा क्रमांक असतो. तो लिहून ठेवा.

> तपासा: -डिस्प्ले ट्रेस(*) मध्ये तुमची ओळ, क्लास ३० आणि डेस्ट जीटीएफ दिसतंय का.

शक्य असेल तर चाचणी सबसिस्टमवर हाच क्रम आधी पाच मिनिटं चालवा आणि दोन सत्रांतून मुद्दाम एकाच ओळीवर लॉक अडकवा. ४४ आणि ४५ची जोडी दिसली की फिल्टर बरोबर आहे हे प्रॉडक्शनच्या रात्रीआधीच कळतं. याला लागणारा अर्धा तास मला तरी कधीच वाया गेलेला वाटत नाही.

## ७. थांबवणे

आधी स्रोत, मग जीटीएफ:

1. -स्टॉप ट्रेस(पर्फएम) टीएनओ(लिहून ठेवलेला क्रमांक). तारांकन देऊ नका. त्याने मॉनिटरिंगवाल्यांचे ट्रेसही बंद होतात आणि सकाळी त्यांचा फोन येतो.
2. पी डीबी. म्हणजे स्टार्टमध्ये दिलेली ओळख.
3. एएचएल००६आय म्हणजे जीटीएफने आज्ञा स्वीकारली. मग एएचएल९०४आयमध्ये कोणत्या डेटासेटमध्ये ट्रेस आहे ते येतं. तो येईपर्यंत डेटासेट कॉपी करू नका.

अपयश कधी येईल ते माहीत नसेल तर जुन्या नोंदी पुसल्या जाण्याची भीती असतेच. जॉब ठरावीक अ‍ॅबेंड कोड घेऊन पडत असेल, तर त्या कोडवर स्लिप ट्रॅप (तो कोड येताच ठरलेली कृती करणारा सिस्टमचा सापळा) लावा आणि अ‍ॅक्शन=स्टॉपजीटीएफ द्या. अपयश आलं की जीटीएफ तिथल्या तिथे थांबतो आणि आधीच्या नोंदी शाबूत राहतात. ट्रॅपमध्ये जॉबचं नाव जरूर घाला, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या जॉबचा ०सी४ (मेमरीबाबतचा नेहमीचा एरर कोड) तुमचा ट्रेस बंद करेल.

## ८. वाचणे

पहिलं वाचन वेळेच्या फिल्टरशिवाय करा:

जीटीएफट्रेस डीएसएन('डेटासेटचं नाव') यूएसआर(एफबी९)

प्रत्येक नोंदीखाली जीएमटी आणि स्थानिक अशा दोन्ही वेळा छापून येतात. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची वेळ बघा. अपयशाची वेळ या दोन्हींच्या मध्ये आहे का? नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. डेटासेट वरून लिहिला गेला किंवा ट्रेस उशिरा लागला. असेल तर स्टार्ट(दिवस,तास.मिनिट.सेकंद) आणि स्टॉप(...) लावून अरुंद करा. दिवस म्हणजे वर्षातला क्रमांक. १० जानेवारीच्या रात्रीचा जॉब जीएमटीत ०११ वर जातो, हे पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलं होतं ते याचसाठी. रिकामा निकाल आला तर आधी दिवसाचा आकडा तपासा.

गमावलेल्या घटनांची नोंद दिसतेय का तेही शोधा. दिसली तर जीटीएफला लिहिण्याचा वेग पुरला नाही, आणि तेवढ्या पट्ट्यात "अमुक घटना झाली नाही" असा निष्कर्ष काढता येत नाही. फिल्टर आणखी अरुंद करून किंवा डेटासेट वाढवून पुन्हा घ्या.

आयपीसीएसमध्ये डीबी२च्या नोंदी बऱ्याचशा सोळापायाच्या आकड्यांत दिसतात. ओमेगामोनसारखं डीबी२चं अहवाल साधन असेल तर ते जीटीएफचा डेटासेट थेट वाचतं आणि ४४ नंतरची ४५ जुळवून थांब्याचा कालावधी देतं. हाताने जुळवायची वेळ आली तर एकाच थ्रेडच्या (डीबी२शी एका कामाची जोडणी) नोंदी आधी वेगळ्या काढा. दोन थ्रेडचे थांबे एकमेकांत मिसळले की कालावधी हमखास चुकतो.

## ९. आयबीएमकडे पाठवायचा असेल तर

डेटासेट आधी एएमएटर्सने आवळा आणि बायनरी मोडमध्येच पाठवा. टेक्स्ट मोडमध्ये गेलेली फाइल पलीकडे उलगडत नाही, आणि ते कळेपर्यंत एक दिवस जातो. सोबत वापरलेला मेंबर, एएचएल१०३आयची ओळ, डीबी२च्या स्टार्ट ट्रेसची आज्ञा, अपयशाची वेळ तिन्ही घड्याळांत, आणि त्या तासाचा सिसलॉग जोडा. आपल्याकडची प्रत मात्र केस बंद होईपर्यंत ठेवा, आणि बंद झाल्यावर मंजुरीत लिहिलेल्या मुदतीत पुसून टाका.